वांग्यांवरची चाल

मी एकदा स्वतःच्याच बोलीवर बोली चढवली आहे. एकदा म्हणजे, लागोपाठ दोनदा.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही शहाणपणाचं बोलले तर त्याला किती भाव द्यायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. जळगावच्या भाजीबाजारात सकाळचा लिलाव चालला होता, भरताच्या वांग्यांचा. मी म्हणाले, ‘नव्वद.’ अडत्यानं ‘नव्वद, नव्वद’ असा पुकारा करत सगळ्यांवरून नजर फिरवली. कुणी बोलेना. कुणी बोलत नाही याचा अर्थ माल आपला झाला, हे कुठल्याही धड डोक्याच्या माणसाला कळतं. मला वाटलं, एवढे पुरुष एकदम गप्प म्हणजे यांच्या मनात काहीतरी मोठं शिजतंय. तेव्हा त्यांच्या आधी आपणच बोललेलं बरं. ‘पंच्याण्णव!’ तरी शांतता. आता तर माझी खात्रीच पटली. ‘शंभर!’

अडत्या भला माणूस. तो माझ्याकडे वाकून म्हणाला, ‘वहिनी, समोर कोणीच नाहीये. पण तुम्हाला अजून वाढवायचं असेल तर मी थांबतो. मला कुठे जायचंय?’

एक हमाल हसता हसता पोत्यावर बसला. त्याचं हसू उतरेपर्यंत पुढचा लिलाव सुरू होईना. मी मात्र पदर खोचून, बाजार जिंकल्यासारखी ताठ उभी. आजही ते चित्र डोळ्यांपुढे आलं की त्या बाईच्या कानाला धरून तिला घरी न्यावंसं वाटतं. चाळिशीची, दोन लेकरांची आई, आणि अक्कल अशी.

तिची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल, की तिला लिलाव माहीत नव्हता. मी वाढले दीपनगरच्या कॉलनीत. वडील वीज केंद्रात नोकरीला. कॉलनीच्या दुकानात ज्या वस्तूवर जो भाव लिहिलेला, तो देऊन पिशवी उचलायची, एवढाच माझा व्यवहार. लग्न होऊन जळगावला आले ती भरीत केंद्राच्या घरात. केंद्र माझ्या सासूबाईंनी उभं केलेलं. त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही अक्काच म्हणे. माहेर धुळ्याकडचं, बोलणं अहिराणी आणि आवाज असा, की तीन दुकानं पलीकडच्याला वाटावं आपल्यालाच हाक मारली. बाजारात जाऊन वांगी घेण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांचं. गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा ते माझ्याकडे आलं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडचं भरीत जांभळ्या वांग्याचं नव्हे. हिरवी-पांढुरकी, हातभर वाढलेली, पातळ सालीची वांगी लागतात. हातात घेतलं की आकाराच्या मानानं हलकं लागलं पाहिजे. जड लागलं की समजावं, आत बियांचं बिऱ्हाड आहे. ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, लाकडी उखळीत ठेचायची, वर हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. भाजण्या-ठेचण्याचं काम आमच्या यजमानांचं. प्रकाश त्यांचं नाव. आगीशी त्यांचं जमे, माणसांशी फार बोलावं लागत नसे म्हणून. पण भरीत चुलीवर बिघडत नाही हो, ते पहाटे बाजारात बिघडतं. शेतकरी माल आणतो, वीस-वीस किलोचे प्लास्टिकचे कॅरेट रचतो, अडत्या एका कॅरेटच्या भावाचा पुकारा करतो, आणि अख्खी थप्पी शेवटच्या बोलीवाल्याची. जास्त दिलेत तर दिवसभर फुकट राबायचं. माल सोडलात तर चूल थंड.

माझ्या त्या पराक्रमाची बातमी मी घरी पोचायच्या आत पोचली होती. अक्का खाटेवर बसून वाट पाहत होत्या.

‘शंभर झाल्यावर काब्र थांबनी व माय? एकशेपाच म्हनती. तुले कोन अडावतं?’

मी खोचलेला पदर सोडला.

‘चंपाषष्ठीपावत देखसू,’ त्या म्हणाल्या. ‘तवपावत जमनं ते बाजार तुना. नही जमनं ते बाजार प्रकाश करी, नि तू चुल्हापान बस.’

चंपाषष्ठीला तीन आठवडे होते. चातुर्मासात वांगं सोडलेली माणसं त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा वांगं धरतात, त्यामुळे आमच्या धंद्याची ती खरी परीक्षा. आणि मला बाजार सोडायचा नव्हता. खरं कारण सांगू? तोवरच्या आयुष्यात कुणी मला ‘तुमचं काय म्हणणं?’ असं विचारलेलं नव्हतं. बाजारात अडत्या रोज पहाटे माझ्याकडे बघून विचारायचा, ‘वहिनी, तुम्ही किती म्हणता?’ त्या एका प्रश्नासाठी मी थंडीत चार वाजता उठत होते.

त्याच दुपारी अक्कांनी पत्त्यांचा कॅट काढला आणि चिंचोक्यांचा डबा उपडा केला.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळण्याला कुणी नावं ठेवत नाही. पुरुष पारावर बसतात. अक्कांचा अड्डा मागच्या दारी, बायकांचा, चिंचोक्यांवर. खेळ तीन पत्तीचा. प्रत्येकाला तीन पानं. आपली पाळी आली की मध्ये चाल टाकायची, म्हणजे चिंचोके लावायचे. समोरच्याला तेवढे लावणं झेपलं नाही तर तो पानं टाकून देतो. शेवटी उरेल त्याचा ढीग. हातात काहीही नसलं तरी चालतं, समोरचे सगळे उठून गेले पाहिजेत. माझी नात सई पुण्याला शिकते, ती फोनवर खोट्या पैशांचं पोकर खेळते. परवा म्हणाली, ‘आजी, कुणासमोर किती लावायचे याला बेट सायझिंग म्हणतात. त्यावर कोर्स असतात.’ मी म्हटलं, मी तो कोर्स चिंचोक्यांवर केलाय, आणि माझ्या मास्तरीणबाई डोक्याला टॉवेल बांधून शिकवायच्या.

कारण अक्का पत्ते वाटून थांबल्या नाहीत. बाजारातली एकेक असामी होऊन त्या माझ्यासमोर खेळायला बसल्या.

टॉवेलाचा फेटा बांधला की त्या गुलाबभाऊ. गुलाबभाऊंचं भरीत केंद्र आमच्यासमोरच्या रस्त्याला. मिशी मोठी, मान त्याहून मोठा. अक्कांनी मिशीला पीळ दिल्यासारखं करून पाच चिंचोके लावले. मी रुबाबात पंधरा लावले, घाबरवायला. अक्कांनी पानं न बघता तीस लावले.

‘देखं? ह्याले मोठी चाल दाखाडी म्हंजे तू त्याना बापले शिवी दिन्ही. तो आते पत्ता नही देखाव, तुना तोंडकडे देखी. ह्यानापुढे एक-एक सरक. तुले काही पडेल नही, अशी.’

फेटा सोडून चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला की त्या हिरालाल. हा चाळीसगावमार्गे मुंबईला ट्रक पाठवणारा व्यापारी. खिशात डायरी, डायरीत भाडं, हमाली, घट, सगळं मांडून काढलेला एक आकडा. त्या आकड्याच्या आत तुम्ही दोन-दोन रुपयांनी खेळलात तर तो दुपारपर्यंत सोबत करेल, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. पण आकड्याच्या पलीकडे एकदम उडी मारली की डायरी मिटते. त्याला राग येत नाही, लोभ सुटत नाही, तो थेट चहाला जातो. अशांपुढे एकच मोठी चाल आणि काम फत्ते.

मी म्हणाले, ‘आणि नथ्थूआबा?’

अक्कांनी खांदे आत ओढले, होत्या त्याच्या निम्म्या झाल्या, आणि बोटानं एक चिंचोका पुढे सरकवला. मी दोन लावले. त्यांनी पानं टाकून दिली. आम्ही दोघी हसलो. नथ्थूआबा म्हणजे हातगाडीवाले म्हातारे. धरणगावकडचे. रोज लिलावात उभे राहायचे, कुणाच्या तरी बोलीवर एक रुपया चढवायचे, आणि पुढचा बोलला की गप्प. सगळी थप्पी घेण्याची त्यांची ऐपत नव्हतीच. ज्यानं घेतली त्याच्याकडून मग दोन कॅरेट मागून न्यायचे.

‘यांचं काय शिकायचं?’ मी म्हणाले.

‘एक ध्यानमा ठेव,’ अक्का पुन्हा आपल्या मूळ आकारात येत म्हणाल्या. ‘जो कधी चढत नही तो एक दिन चढना, ते पत्ता टाकी देवाना. त्यानापान इक्के राहतस.’

दोन आठवडे मी हे बाजारात करून पाहिलं आणि काय सांगू, चालायला लागलं! हिरालालला मी एका उडीत चहाला पाठवू लागले. गुलाबभाऊंपुढे जांभया देत एक-एक रुपयानं सरकू लागले. त्यांना लढाईच सापडेना. पोत्यावर बसून हसणारा हमाल ‘ताई’ म्हणू लागला. आणि नव्यानं शिकलेल्या माणसाला जे होतं ते मला झालं. एका मंगळवारी आबांनी नेहमीसारखा एक रुपया चढवला, आणि मी त्यांच्यावर एकदम पंचवीस चढवले. गरज काय होती? काही नाही. बाजार बघत होता, म्हणून. लोक हसले. लिलाव संपल्यावर आबा जवळ आले.

‘माय, दोन कॅरेट देस का?’

‘आबा, आज मलाच कमी आहेत,’ मी म्हणाले. कमी नव्हते. थप्पी फोडली तर रुबाब फुटेल असं त्या बाईला वाटलं. आबा ‘बरं’ म्हणाले आणि रिकामी गाडी ढकलत गेले. त्या गाडीचं एक चाक कुरकुरायचं. ते मी बराच वेळ ऐकलं, आणि मग वांगी मोजायला लागले.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशीची पहाट. आठवडाभर ढग होते, अळीनं वांगी पोखरली होती. बाजारात सगळीकडे भोकं पडलेला माल, आणि मध्ये एक थप्पी, बामणोदकडून आलेली, सोळा कॅरेट. काय माल होता! देठ ताजे, साल आरशासारखी. आमच्याकडे सहाशे पानांची ऑर्डर घेतलेली, शिवाय दुकानावरची रांग. अक्कांनी बजावलं होतं, दोनशेच्या वर जायचं नाही.

आता अडचण बघा. हिरालालही होता, गुलाबभाऊही. हिरालालला घालवायला उडी मारावी, तर गुलाबभाऊंची मिशी पेटणार. गुलाबभाऊंना झोपवायला एक-एकनं सरकावं, तर हिरालाल डायरी उघडून आरामात सोबत करणार. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. चिंचोक्यांवर अक्का एका वेळी एकच माणूस व्हायच्या, दोन कधी झाल्या नव्हत्या.

मी काय केलं, तर काहीच नाही. मागे सरकले आणि मिरच्यांच्या ढिगाकडे बघत उभी राहिले. बोली एकशेवीसला सुरू झाली. गुलाबभाऊंनी सवयीनं उडी मारली, ‘एकशेचाळीस!’ हिरालालनं एकशेबेचाळीस. गुलाबभाऊंना ते दोन रुपयेच झोंबले. ‘एकशेसाठ!’ हिरालालनं डायरीत पाहिलं, एकशेबासष्ट म्हणाला. ‘एकशेसत्तर!’ आणि डायरी मिटली. माझी मोठी चाल माझ्या वतीनं गुलाबभाऊंनी टाकून दिली होती, फुकटात.

मग मी तोंड उघडलं. ‘एकाहत्तर.’

‘एकशेपंच्याहत्तर!’

‘शहात्तर,’ मी म्हणाले, आणि चहावाल्याला हात केला.

‘अठ्ठ्याहत्तर.’

‘एकोणऐंशी. साखर कमी टाक रे.’

‘ऐंशी,’ गुलाबभाऊ म्हणाले. आवाज बसला होता. ज्याच्याशी भांडायचं ती बाई चहा फुंकत होती. तेवढ्यात पलीकडच्या गाळ्यात कुणीतरी मोठ्यानं बोली लावली आणि तिथे गलका झाला. गुलाबभाऊंची मान तिकडे वळली.

‘ब्याऐंशी,’ मी म्हणाले.

गुलाबभाऊ निघाले. हात झटकून, ‘घ्या वहिनी, किडकी निघतील,’ असं म्हणत.

अडत्यानं पुकारलं, ‘एकशेब्याऐंशी एक वार... एकशेब्याऐंशी दोन वार...’ माझ्या डोक्यात तर अक्कांपुढे हे कसं सांगायचं याची जुळवाजुळव सुरू झाली होती.

‘दोनशे दहा.’

आवाज मागून आला. मी वळून पाहिलं. नथ्थूआबा. हात गाडीच्या दांड्यावर, आणि नजर अडत्याकडे नाही, थेट माझ्याकडे.

रुपया चढवणारा माणूस अठ्ठावीस चढला होता. यांना काय कळलंय? उद्याही माल येणार नाही? यांच्या मागे कुणी मोठा व्यापारी उभा आहे? अक्का म्हणाल्या होत्या, त्यानापान इक्के राहतस. आणि दोनशेची मर्यादा वेगळीच. अडत्या माझ्याकडे बघत होता. ‘वहिनी, तुम्ही किती म्हणता?’

मी मान हलवली. पानं टाकली.

थप्पी आबांची झाली. गुलाबभाऊ हरले, हिरालाल हरला, आणि मी त्या दोघांना हरवून रिकाम्या हातानं उभी. सहाशे पानं. उद्या चंपाषष्ठी. माझा बाजार आजच संपला, हे मला स्वच्छ दिसत होतं. प्रकाशरावांचा चेहरा दिसत होता, काही न बोलणारा. तो तर फारच दिसत होता.

पाच मिनिटांनी पाय ओढत आबांकडे गेले. आबा एका कॅरेटवर बसून चहा पीत होते. बशी इतकी खडखडत होती, की अर्धा चहा धोतरावर.

‘आबा, एवढ्या मालाचं काय करणार?’

‘मना गाडावर दोन मावतस.’

‘आणि बाकीचे चौदा?’

‘तुले जोयजेत ना?’

‘कितीला?’

‘दोनशे दहा. मी तुनावर काही कमाडत नही, माय.’

मला आधी रडू येणार होतं, ते परत गेलं. ‘आबा, मी घेतले नसते तर?’

‘ते मी मरी जातू,’ आबा शांतपणे म्हणाले. त्यांनी बंडीच्या खिशातून नोटा काढून दाखवल्या. ‘पाचशे रुप्या शेतस.’

सोळा कॅरेटचा माल, आणि हातात पाचशे रुपये. इक्का सोडा, त्या माणसाकडे दुर्रीसुद्धा नव्हती.

‘अहो, पण मला मागायचे ना! मी दिले असते दोन.’

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ‘मांगेल व्हतं ना, माय,’ म्हणाले.

मी त्यांच्या शेजारच्या कॅरेटवर बसले. विचारलं, ‘पण मी थांबेन हे तुम्हाला कसं कळलं?’

‘तू इचार करस. गुलाब करत नही. त्यानापुढे मी असं बोलतू ते तो अडीचशे म्हनता, नि मी रिकामाच घर जातू. हिरालाल मना खिसाकडे देखता. म्हनीसन ते दोन्ही जाईपावत मी गप व्हतू. तू एकलीच राहनी, तव्हय बोलनू.’

चौदा कॅरेट मी घेतले. एकशेब्याऐंशीला माझे होणार होते ते दोनशे दहाला, अक्कांनी आखलेली रेघ ओलांडून. पैसे आबांच्या हातात दिले आणि त्यांनी तिथल्या तिथे अडत्याला चुकते केले. वांगी एक नंबर निघाली. एकसुद्धा किडकं नाही. गुलाबभाऊंना मी हे मुद्दाम कळवलं. त्या दिवसापासून थप्पी माझी झाली, की पहिले दोन कॅरेट आबांच्या गाडीवर. ते मागायच्या आधी. आबा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ‘बरं’ म्हणून वळले होते तो मंगळवार काही मला पुसता आला नाही. दोन-दोन कॅरेटनं पुसून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहाशे पानं उठली. रांग ओसरली. साडीला धुराचा वास, नखांत वांग्याची काळी साल. मी त्यांच्या खाटेशी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. मिरच्यांकडे बघत उभी राहिले ते, साखर कमी टाक म्हटलं ते, ब्याऐंशी, दोन वार, मग दोनशे दहा, पाचशे रुपये. तो मंगळवारही सांगितला, तो सांगायला सगळ्यात जड गेला. शेवटी म्हणाले, ‘अक्का, बाजाराला मी चालणार असेन तर ठेवा. दहा रुपये वर गेले आणि एका म्हाताऱ्यानं मला रिकाम्या हातानं फसवलं, हे खरं आहे.’

अक्का आधी हसल्या. इतक्या, की गुडघा धरावा लागला. डोळे पुसले. मग जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते:

‘बठ्ठा बाजारमा त्या माणूसनी तुनी वाट देखी. हिरालालनी नही, गुलाबनी नही, तुनी. म्हंजे आते तू बाजारनी व्हयनी. जाय, ती साडी बदल नि आंग टाक जरासं, सकायमा चारले ऊठनं शे.’